खाणकामगारांची चित्रे आणि टीकेचा हक्क

चित्रावर दोन शब्द बोलणे ही सोपी गोष्ट आहे, असे आम्ही पुष्कळ वर्षे समजत होतो. आमच्या युनियनच्या कचेरीत एका संध्याकाळी एक फिटर वर्तमानपत्रात गुंडाळलेले चित्र घेऊन आला. लेथवर काम करणारा माणूस त्याने काढला होता. रंग जोरकस होते. पण त्या माणसाचा हात फिरत्या चकच्या इतका जवळ होता की, खऱ्या कारखान्यात तो हात शाबूत राहिला नसता. आम्हांला ते दिसले होते. तरीही ‘वा, झकास!’ म्हणून आम्ही त्याची पाठ थोपटली. कामगाराने कुंचला हाती धरला, एवढ्यानेच आम्ही भारावलो होतो. तो पुन्हा चित्र घेऊन आला नाही. वर्षभराने एका गेट-सभेनंतर चहा पिताना तो एवढेच म्हणाला, “भाऊ, त्या दिवशी तुम्ही चित्र बघितलंच नाही.”

हे बोल मनात सलत असतानाच अ‍ॅशिंग्टनच्या खाणकामगारांची हकीकत आमच्या वाचनात आली. ती आज श्रोत्यांपुढे ठेवावयाची आहे.

अ‍ॅशिंग्टन हे इंग्लंडच्या ईशान्य टोकाकडील नॉर्थम्बरलंड परगण्यातील गाव. कोळशाच्या खाणीवरच ते वसले आणि वाढले. जगातील सर्वांत मोठे खाणगाव अशी त्याची ख्याती होती. शेजारच्या वुडहॉर्न खाणीत १९१६ साली स्फोट होऊन तेरा माणसे मेली. १९२६ साली मालकांनी टाळेबंदी केली, तेव्हा ब्रिटनमधील खाणकामगार कित्येक महिने घरी बसले. अशा गावात कामगार शिक्षण संघाची शाखा होती. हा संघ १९०३ साली स्थापन झाला होता आणि गावोगावच्या कामगारांसाठी तो रात्रीचे वर्ग चालवीत असे. अ‍ॅशिंग्टनच्या मंडळींनी आधी उत्क्रांतिवादाचा अभ्यास केला आणि १९३४ साली कलेचा रसास्वाद हा विषय मागितला. दिवसभर जमिनीखाली कोळसा खणणाऱ्यांना हे कशाला हवे, असा प्रश्न कोणी विचारील. असले प्रश्न आम्हांलाही विचारले गेले आहेत. त्यांना उत्तर देण्याचे आम्ही आता सोडून दिले आहे.

शिकविण्यास आले रॉबर्ट लायन. न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग कॉलेजात ते चित्रकला शिकवीत. त्यांनी रीतीप्रमाणे पडद्यावर थोर इटालियन चित्रकारांच्या कृती दाखविल्या आणि व्याख्यान दिले. मंडळींचे समाधान झाले नाही. चित्र चांगले का आणि वाईट का, हे ओळखावे कसे, एवढेच त्यांना जाणून घ्यावयाचे होते. मोठ्या नावांची यादी त्यांना नको होती. लायन यांनी तेव्हा निराळा मार्ग धरला. तुम्ही स्वतःच काढून पाहा, म्हणजे कळेल, असे त्यांनी सुचविले. प्रथम लिनोलियम कोरून ठसे झाले, मग रंग आले. आठवड्याला एक विषय ठरे. प्रत्येकाने तो घरी रंगवावयाचा आणि पुढच्या बैठकीत सर्वांपुढे मांडावयाचा. मग साऱ्यांनी त्यावर बोलावयाचे.

या पद्धतीचे मर्म आम्हांला या शेवटच्या गोष्टीत दिसते. त्या खोलीत नुसता टीकाकार असा कोणी नव्हता. आज जो दुसऱ्याच्या चित्रातील उणे दाखवी, त्याचे स्वतःचे चित्र त्याच बैठकीत मांडलेले असे. त्यामुळे जीभ सैल सोडण्याची सोय नव्हती, आणि गप्प बसून भलेपणा मिळविण्याचीही नव्हती. शिवाय पाहणारे कोण, हेही ध्यानात घ्यावे. खाणीतील छताला दिलेला लाकडी टेकू कसा बसतो, दोन-अडीच फुटांच्या थरात कुशीवर पडून माणूस फावडे कसे चालवितो, हे त्यांतील बहुतेकांच्या अंगात मुरलेले होते. अशांपुढे टेकू चुकीचा काढून निसटणे अवघडच. पण मंडळी सारी खाणीतलीच होती असेही नाही. हॅरी विल्सन हा दातांच्या कवळ्या बनविणारा कारागीर. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने त्याची प्रकृती बिघडलेली. तोही त्याच बाकावर बसे, आणि त्याच्या मताला तेवढेच वजन असे. आमच्या युनियनांत ‘तू आमच्या खात्यातला नाहीस, तू बोलू नकोस’ असे म्हणणारे निघतात, त्यांनी या विल्सनची आठवण ठेवावी.

चित्रे बनत ती प्लायवूडवर, पुठ्ठ्यावर, कित्येकदा घराच्या भिंतींना देण्याच्या रंगानेही. लेस्ली ब्राउनरिगने १९३५ साली खाणकामगाराचे चित्र केले. जिमी फ्लॉइडने १९३८ साली बेडलिंग्टन जातीचा कुत्रा रंगविला. ती जात त्याच मुलखातली. आणि ऑलिव्हर किलबर्न! १९०४ साली जन्मलेला, तेरा वर्षांचा असताना खाणीत गेलेला हा गृहस्थ या गटाचा कणा होऊन राहिला. शनिवारच्या रात्रीचा कामगारांचा क्लब त्याने १९३६ साली रंगविला. त्याच वर्षी न्यूकॅसलच्या हॅटन गॅलरीत गटाचे पहिले प्रदर्शन भरले.

लायन यांच्याविषयी आमचा एक आक्षेप आहे. तंत्राचे धडे देणे त्यांनी बुद्ध्याच टाळले. प्रत्येकाने आपली अडचण आपणच सोडवावी, असे त्यांचे धोरण. ज्याला दूरची वस्तू दूर दिसेल अशी काढता येत नाही आणि जो ते विचारतो, त्याला न सांगणे हा आम्हांला शिक्षकाचा कंजूषपणा वाटतो. ज्ञान रोखून धरून माणसाचा साधेपणा जपणे, यात थोडा धनिकाचा शौकही असतो. परंतु इतिहास आमच्या आक्षेपाला अर्धेच पाठबळ देतो. १९४२ साली लायन एडिंबरोच्या कलाविद्यालयाचे प्राचार्य होऊन निघून गेले, आणि गट मोडला नाही. पुढे चाळीस वर्षे मंडळी दर आठवड्याला जमत राहिली, चित्रे मांडीत राहिली, एकमेकांना बोलत राहिली. परीक्षकाची खुर्ची त्यांनी पहिल्यापासूनच रिकामी ठेवली होती; म्हणून ती भरून काढण्याची गरज पडली नाही.

कठीण परीक्षा झाली ती निंदेने नव्हे, कौतुकाने. हेलन सदरलंड या श्रीमंत कलासंग्राहक बाईंनी त्यांना आपल्या घरी बोलाविले, लंडनची चित्रदालने दाखविली. ही मदत खरी होती आणि ती नाकारण्याचे कारणही नव्हते. १९३८च्या सुमारास मास ऑब्झर्व्हेशन या संस्थेचे टॉम हॅरिसन आणि चित्रकार ज्युलियन ट्रेव्हेल्यान तेथे आले. गेट्सहेड येथे बिनधंदेवाईक चित्रकारांचे प्रदर्शन भरले. आता गंमत अशी की, या सुशिक्षितांना त्या चित्रांतील ओबडधोबडपणाच अधिक आवडण्याचा संभव होता. टेकू वाकडा असला तरी तो ‘निरागस’ ठरतो! ज्याने वर्षानुवर्षे टेकू सरळ काढण्यासाठी मित्रांचे ऐकून घेतले, त्याने या स्तुतीचे काय करावे? आमच्या कचेरीतील ‘वा, झकास’ याच जातीचे होते. अ‍ॅशिंग्टनकरांनी पाहुण्यांचे स्वागत केले, त्यांच्याशी वाद घातला, आणि ते गेल्यावर पुढच्या बैठकीला पुन्हा आपापली चित्रे घेऊन आले. बहुतेकांनी खाणीतील नोकरी सोडली नाही.

१९४७च्या १ जानेवारीला ब्रिटनमधील खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. यंत्रे आली, खाणीतले घोडे गेले, आणि जुन्या कामाच्या पद्धती ज्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या त्यांच्याच हातून त्या चित्रांत उरल्या. १९७० नंतर बाहेरच्या जगाने या गटाकडे पुन्हा लक्ष दिले. १९८० साली त्यांची चित्रे चीनमध्ये दाखविली गेली. विल्यम फीव्हर यांनी १९८८ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला, आणि ली हॉल यांनी २००७ साली नाटक रंगभूमीवर आणले. तोपर्यंत गट संपला होता. ज्या लाकडी शेडमध्ये बैठका होत, ती १९८४च्या सुमारास हातची गेली. वुडहॉर्नची खाण १९८१ साली बंद पडली, अ‍ॅशिंग्टनची १९८८ साली. किलबर्नने मात्र उतारवयात आपल्या खाणीतील आयुष्याची चित्रमालिका पुरी केली आणि गटाचा संग्रह फुटू दिला नाही. तो १९९३ साली वारला. ती चित्रे आता वुडहॉर्नच्या जुन्या खाणीच्या आवारातील संग्रहालयात आहेत.

आमच्या त्या फिटरचा पत्ता आम्ही शोधून काढला आहे. गेल्या महिन्यात त्याच्याकडे जाऊन आलो. लेथचे ते चित्र त्याने कपाटामागून काढून भिंतीला टेकवून ठेवले, आणि आम्ही त्याला हाताविषयी सांगितले. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “हात चुकला हे खरं आहे, पण चकची उंचीही चुकली आहे, ते तुम्हांला दिसलं नाही.”