गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि चालीची पारख

मांडीचे हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत जोडणारा व नडगीला पुढे सरकण्यापासून रोखणारा जो तिरपा पट्टा असतो, त्याला पुढचा क्रूसाकार अस्थिबंध म्हणतात; बोलण्यात त्याला नुसते ‘लिगामेंट’ म्हटले जाते. तो तुटला तरी सरळ रस्त्यावर बऱ्याचदा फारसे अडत नाही, पण वळताना गुडघा एकाएकी निसटतो, आणि म्हणून या दुखापतीच्या उपचारांचा इतिहास हा माणसाची चाल कोणी व कशी पारखली याचाही इतिहास आहे. इंग्लंडमधील लीड्स येथे १८९५ मध्ये मेयो रॉबसन यांनी एका खाणकामगाराचे तुटलेले अस्थिबंध टाक्यांनी सांधले, तेव्हा यशाची कसोटी साधी होती : तो मनुष्य पुन्हा खाणीत कामाला जाऊ लागला. १९१७ मध्ये हे-ग्रोव्हज यांनी मांडीच्या बाहेरील चिवट आवरणाची पट्टी वापरून नवा अस्थिबंध घडवला. चालीचे शास्त्र मात्र वेबर बंधूंच्या १८३६ च्या जर्मन ग्रंथापासून आपल्या स्वतंत्र वाटेने चालले होते.

मराठवाड्यात आधुनिक अस्थिशल्य उशिरा रुजले. निजामी राज्यातील वैद्यकीय शिक्षण हैदराबादेत एकवटलेले होते. पाणचक्कीजवळचे, साऱ्या मराठवाड्याला ‘घाटी’ म्हणून ठाऊक असलेले औरंगाबादचे शासकीय रुग्णालय ज्या महाविद्यालयाशी जोडलेले आहे, ते १९५६ मध्ये स्थापन झाले. खेड्यातला हाडवैद्य कामट्या बांधून मोडलेले हाड बसवी, निखळलेला सांधाही बसवी. पण लिगामेंट तुटते तेव्हा हाड जागचे हललेले नसते, त्यामुळे ही दुखापत त्याच्या हाताला लागण्यासारखी नव्हती आणि ‘मुरगळला’ एवढ्यावरच निदान थांबे. चालण्याचे पुनर्वसन महाराष्ट्राने शिकले तेही दुसऱ्याच निमित्ताने : पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये युद्धात पाय गमावलेल्या सैनिकांसाठी उभे राहिले, तर मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या आरंभी फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू होण्यामागे पोलिओ होता. आज संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, एमजीएमसारख्या संस्थेत हा विषय स्वतंत्रपणे शिकवला जातो.

शस्त्रक्रियेनंतर पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये ठेवण्याची जुनी रीत सावधपणाची असली तरी तिची किंमत मोठी होती, कारण मांडीचा पुढचा चारशिरी स्नायू वाळे आणि सांधा आखडे. १९९० मध्ये अमेरिकेतील शेलबोर्न आणि निट्झ यांनी लवकर हालचालीचा जो क्रम मांडला, त्याची प्रेरणा मोठी गमतीची होती : सांगितलेली बंधने न पाळणारे रुग्ण आज्ञाधारक रुग्णांपेक्षा चांगले बरे होत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले होते. त्याच वर्षी शिकागोच्या संशोधकांनी लिगामेंट नसलेल्या रुग्णांची चाल यंत्रांनी मोजून दाखवले, की त्यांतील बरेच जण पाय टेकवताना चारशिरी स्नायूचा वापर टाळतात, कारण गुडघा जवळजवळ सरळ असताना तो स्नायू नडगीला पुढे ओढतो. बाहेरून धड दिसणाऱ्या चालीतही अशी लपलेली काटकसर असते, हे यातून स्पष्ट झाले. योगायोग असा, की चढाईपटूचा पाय धरून पिळला जाण्याचा धोका ज्या खेळात पावलोपावली आहे ती कबड्डी याच १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ झाली.

बरे होणे मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी, स्वीडनमध्ये तयार होऊन १९८५ मध्ये सुधारलेली लिशोल्म गुणपद्धती येथे आक्षेपार्ह ठरते. तिच्या १०० गुणांपैकी लंगडण्याला ५, उकिडवे बसण्याला ५, तर वेदना आणि गुडघ्याची अस्थिरता यांना प्रत्येकी २५ गुण आहेत, आणि ९५ पासून पुढे निकाल ‘उत्तम’ धरला जातो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर अजिबात उकिडवे बसू न शकणारी, म्हणजे खुरपणीला मुकलेली पैठण किंवा गंगापूरकडील शेतमजूर स्त्री बाकी सर्व ठीक असल्यास या हिशेबात उत्तमच बरी झालेली ठरते.