डार्ट लागला, पुढे?

२०१७च्या डिसेंबरात चाळीसगाव तालुक्यात माणसांचे बळी घेणारा बिबट्या गोळीने मारला गेला, तेव्हा मीही म्हटलं होतं, इंजेक्शन देऊन पकडायचा की! सिनेमात डार्ट लागताच जनावर कोसळतं.

प्रत्यक्षात औषध भिनायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात बिचकलेला बिबट्या अंधारात, कपाशीत गुडूप. शिवाय डोस वजनावर ठरतो, आणि वजन नुसत्या अंदाजाने.

डार्टमध्ये बहुतेकदा केटामाइन आणि झायलाझिन असतं. दोन्ही १९६२ची औषधं. केटामाइन अमेरिकेत कॅल्विन स्टीव्हन्स यांनी माणसांसाठीच बनवलं. त्याआधीचं फेन्सिक्लिडिन माणसांना भ्रमात टाकायचं, म्हणून ते जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलं. केटामाइनने जनावर झोपत नाही, आपल्याच शरीरापासून तुटतं. डोळे उघडे, पापणी लवत नाही. म्हणून डॉक्टर डोळ्यांत मलम घालून वर फडकं बांधतात. स्नायू सैल करायचं काम झायलाझिनचं. त्यावर उतारा आहे, केटामाइनवर नाही. ते आपोआप उतरेपर्यंत थांबायचं.

आणि औषध भिनताना गलका झाला, तर अर्धवट गुंगीतलं जनावरही उठून धावतं. आपल्याकडे बिबट्या दिसला म्हटलं की अख्खं गाव मोबाइल घेऊन हजर.