शिल्लक कोणाची?

26 मार्च 1902 रोजी कलकत्त्यास, लॉर्ड कर्झनच्या कायदेमंडळात, गोपाळ कृष्ण गोखले अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिले. 1892 च्या कायद्याने सभासदांना बोलण्याची मुभा होती. दुरुस्ती सुचविण्याची नव्हती, मत देण्याची तर नव्हतीच. प्रश्न विचारता येई, उपप्रश्न नाही.

मग गोखल्यांनी सरकारचेच आकडे उचलले. ह्या कामी गणेश व्यंकटेश जोश्यांचे त्यांना मोठे साहाय्य होते. (गिरणीचा ताळेबंद घेऊन मालकासमोर बसणाऱ्या आम्हां मंडळींना हे हत्यार चांगले ओळखीचे!) सरकार शिलकेकडे बोट दाखवून भरभराट सांगत होते. गोखल्यांचे म्हणणे असे की, रुपयाचा भाव कृत्रिमपणे चढविल्याने सरकारचा विलायती देण्याचा बोजा हलका झाला. कर मात्र तंगीच्या काळातले तसेच राहिले. दुष्काळाच्या वर्षांतही पडणारी ही शिल्लक जादा वसुलीची होती. मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता, आणि श्रोतेहो, मीठ उपाशी माणसालाही लागते.

तो कर 1903 साली दोन रुपयांवर, 1905 साली दीडवर, 1907 साली एकावर आला. सारे श्रेय एका भाषणाला देणे भाबडेपणाचे होईल. गोखल्यांनी मात्र पुढेही हा विषय सोडला नाही. उपप्रश्नाचा हक्क 1909 च्या सुधारणांनी मिळाला, तोही मूळ प्रश्न विचारणाऱ्यालाच.