गिरणगावची रात्र

मुंबईतील लालबाग-परळच्या ज्या मुलखात घड्याळापेक्षा गिरणीच्या भोंग्याचा अंमल अधिक चाले, आणि तिसरी पाळी आत शिरताना दुसऱ्या पाळीचा क्षुधित कामगार बाहेर पडे, तेथे रात्रीचा व्यापार हा विलास नसून श्रमाचाच अपरिहार्य परिवार होता. कोकणात वा घाटावर बिऱ्हाड ठेवून आलेल्या या एकट्या पुरुषांना महिन्याच्या हिशेबाने जेवू घालणाऱ्या खानावळी बहुधा स्त्रियाच चालवीत. त्यांची नोंद कोणत्या दप्तरात सापडणार? १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष कामगार संपावर गेले, आणि ही गिऱ्हाइकी खचली ती कायमची. पुढे २०१७ च्या राज्याच्या कायद्याने बहुतेक दुकानांना अहोरात्र उघडे राहण्याची मुभा दिली खरी. परंतु मध्यरात्री पानावर बसणारा तो कामगार कोणत्याही परवान्याने परतणार नाही.