डार्करूम एन्लार्जर कसा निवडायचा आणि कसा बसवायचा? संपूर्ण माहिती

गेल्या दिवाळीत माळा साफ करताना बिस्किटांच्या डब्यात आजोबांच्या निगेटिव्ह सापडल्या. त्यांच्याकडे आगफा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका निगेटिव्हमध्ये आजी रंकाळ्याच्या काठावर उभी आहे, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली. या फोटोचा प्रिंट घरात कुठेच नाही. मी फोनवर फोटो काढून ॲपमध्ये तो सुलटा केला आणि आजीला दाखवला. ती म्हणाली, "छान हाय रे, पण हातात दे की."

मग मी एक जुना एन्लार्जर विकत घेतला आणि पहिल्याच दिवशी फसलो. तो फक्त ३५ एमएम फिल्मसाठी होता, आजोबांची निगेटिव्ह त्यात बसेचना! माझ्यासारखे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून हा लेख. चला तर मग, सुरुवात करूया.

एन्लार्जर म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर खाली तोंड करून उभा केलेला प्रोजेक्टर. वर दिवा, त्याखाली निगेटिव्ह धरणारी चौकट म्हणजे कॅरियर, मग भात्यासारखा घडीचा भाग आणि शेवटी लेन्स. निगेटिव्हची प्रतिमा खालच्या फळीवर पडते. तिथे फोटो-पेपर ठेवून काही सेकंद दिवा लावायचा आणि पेपर केमिकलमध्ये बुडवायचा. डोकं खांबावर वर सरकवलं की प्रिंट मोठा होतो.

निवडताना काय पाहायचं?

१. आधी निगेटिव्ह मोजा. साधी पट्टी घ्या. चित्राचा भाग २४ × ३६ मिमी असेल तर ती ३५ एमएम फिल्म. साधारण ५६ मिमीचा चौकोन असेल तर सहा बाय सहा. क्लिक थ्रीची निगेटिव्ह अशीच असते. मोठ्या निगेटिव्हच्या एन्लार्जरवर लहान निगेटिव्ह चालते, उलटं जमत नाही. म्हणून घरात दोन्ही प्रकार असतील तर सहा बाय सहावालाच घ्या.

२. लेन्स त्याच मापाची हवी.
- ३५ एमएम फिल्म: ५० मिमी लेन्स
- सहा बाय सहा: ७५ किंवा ८० मिमी
- सहा बाय नऊ: १०५ मिमी

सहा बाय सहाला ५० मिमी लेन्स लावली तर प्रिंटचे कोपरे फिकट येतात.

३. बुरशी तपासा. आपल्याकडचा पावसाळा माहितीच आहे! लेन्समधून फोनचा टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर लेन्स सोडून द्या. दिव्याखालची जाड भिंगं, म्हणजे कंडेन्सर, तीही अशीच बघा. कंडेन्सरवाल्या एन्लार्जरमध्ये कॉन्ट्रास्ट जास्त मिळतो, पण धूळ आणि ओरखडेही ठळक दिसतात. दुधी काचेतून प्रकाश पसरवणारा डिफ्यूजन एन्लार्जर जुन्या, चरे पडलेल्या निगेटिव्हला सांभाळून घेतो.

४. कॅरियर आणि लेन्सची रिंग आहे का विचारा. जुन्या मशिनमध्ये हेच हरवलेलं असतं. पण आपण कोल्हापूरकर! बाबूराव पेंटर आणि त्यांच्या साथीदारांनी सिनेमाचा कॅमेरा इथेच तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यापुढे एक रिंग म्हणजे काय? माझी रिंग उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या काकांनी करून दिली. बहुतेक एन्लार्जर लेन्सचा आटा ३९ मिमी व्यासाचा, इंचाला २६ पेऱ्यांचा असतो. तरी लेन्स सोबत न्याच, तोंडी मापावर काम देऊ नका.

बसवायचा कसा?

वायर बदला. बॉडी धातूची आणि वायर जुनी असते. इलेक्ट्रिशियनकडून तीन पिनचा प्लग आणि अर्थिंग करून घ्या. ओल्या हातांनी काम करायचं आहे, इथे कंजूषी नको. केमिकलचे ट्रे एका बाजूला आणि एन्लार्जर दुसऱ्या, कोरड्या बाजूला ठेवा.

व्होल्टेज सांभाळा. जुना बल्ब व्होल्टेजला फार हळवा असतो. व्होल्टेज ५ टक्के घसरलं तर उजेड साधारण १५ टक्के कमी होतो आणि एकाच वेळेचे दोन प्रिंट वेगळे येतात. स्टॅबिलायझर लावा. बल्ब दुधी काचेचा हवा आणि समोरच्या भागावर छापील अक्षरं नकोत.

सरळ आहे का बघा. फोनमधल्या लेव्हल ॲपने खालची फळी आणि कॅरियरची जागा तपासा, दोन्हींचा कोन सारखा हवा. मग रिकामा कॅरियर घालून दिवा लावा आणि फळीवर पडलेल्या उजेडाच्या चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजू मोजा. त्या सारख्या नसतील तर डोकं कललेलं आहे. शेवटी निगेटिव्ह घालून, लेन्स पूर्ण उघडून फोकस करा. चारही कोपरे एकदम स्पष्ट दिसले की काम झालं.

अंधार तपासा. खोली बंद करून पाच मिनिटं थांबा. डोळे सरावले की दाराच्या फटी दिसायला लागतात. त्या काळ्या कापडाने बुजवा. ब्लॅक अँड व्हाइट पेपरला सेफलाइट म्हणून लाल दिवा चालतो, पण पेपर उघडा असताना फोन किंवा स्मार्टवॉच अजिबात नको. स्क्रीनच्या उजेडाने पेपर काळवंडतो. मी सेकंद मोजायला फोनवर मेट्रोनोम ॲप मिनिटाला ६० ठोक्यांवर लावतो आणि फोन दाराबाहेर ठेवतो. ठोके आत ऐकू येतात, उजेड येत नाही.

पहिला प्रिंट

फोकस झाल्यावर लेन्स दोन स्टॉप बंद करा, साधारण एफ/८ वर. मल्टिग्रेड पेपर असेल तर २ नंबरचा फिल्टर लावा. अख्खा पेपर वाया घालवू नका, एक पट्टी कापा. आधी पूर्ण पट्टीला ५ सेकंद उजेड द्या. मग पुठ्ठ्याने थोडा भाग झाकून आणखी ५ सेकंद, असं करत जा. डेव्हलप केल्यावर ५, १०, १५, २०, २५ सेकंदांचे टप्पे शेजारी-शेजारी दिसतील. त्यातला योग्य निवडा. एन्लार्जर वरखाली केला की ही चाचणी पुन्हा करायची, कारण उंची वाढली की उजेड कमी होतो.

डेव्हलपर साधारण २० अंशांवर ठेवतात. उन्हाळ्यात आपल्याकडे नळाचं पाणीच कोमट येतं, म्हणून ट्रे गार पाण्याच्या परातीत ठेवा.

माझ्या पट्टीत १५ सेकंदांचा भाग बरोबर आला. पूर्ण पेपर डेव्हलपरमध्ये टाकला, तर आधी रंकाळ्याचा काठ उमटला आणि मग हळूहळू आजीचा चेहरा. प्रिंट धुऊन, वाळवून तिच्या हातात दिला. तिने तो बराच वेळ बघितला, मग उलटा केला आणि म्हणाली, "मागं नाव आणि साल लिही, नायतर पुढच्यांना कळणार कसं?"

तुमच्या घरीही असा डबा असेल. एन्लार्जर नंतर शोधा, आज आधी पट्टी घ्या आणि निगेटिव्ह मोजा. धरताना मात्र कडेनेच धरा!