गोल्फचा चेंडू नेमका कुठे जातो? क्लबफेस आणि स्विंगचा वाद

गोल्फमध्ये क्लबच्या ज्या बाजूने चेंडू मारतात तिला क्लबफेस म्हणतात. मारताना क्लब ज्या दिशेने फिरत येतो तो स्विंगचा मार्ग. चेंडूची दिशा या दोघांपैकी कोण ठरवतं, यावर प्रशिक्षकांमध्ये अनेक वर्षं वाद झाला. (खालची माहिती उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी आहे.)

जुनी शिकवण अशी होती : चेंडू स्विंगच्या दिशेने निघतो आणि मग फेसच्या दिशेने वळतो. समजा, होलच्या वाटेत झाड आहे. मग अंग झाडाच्या डावीकडे वळवा, फेस होलकडे ठेवा आणि मारा; चेंडू झाडाला वळसा घालून येईल. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा झाडावरच आदळायचा.

कारण चेंडू निघतो तो मुख्यतः फेसच्या दिशेने. कॉक्रन आणि स्टॉब्स यांच्या 1968 च्या ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ या पुस्तकात हे आलं होतं. तरी जुनी शिकवण चालूच राहिली. पुढे ट्रॅकमॅनसारखी रडार यंत्रं सरावाच्या मैदानावर आली, तेव्हा प्रत्येक फटक्याचे आकडे समोर दिसू लागले. चेंडूच्या सुरुवातीच्या दिशेत फेसचा वाटा ड्रायव्हरला साधारण 85 टक्के आणि आयर्नला 75 टक्के धरला जातो. फेस आणि मार्ग यांच्यात जितका फरक, तितका चेंडू हवेत वळतो. म्हणजे झाड टाळायचं तर फेसही झाडाच्या डावीकडे हवा, आणि स्विंग त्याच्याही डावीकडे.

नवशिक्याचा चेंडू उजवीकडे वळत जातो, त्याला स्लाइस म्हणतात. तो टाळायला खेळाडू आणखी डावीकडे उभा राहतो. स्विंग डावीकडे जातो, फेस मात्र उघडाच राहतो. दोघांतलं अंतर वाढतं आणि स्लाइसही वाढतो. म्हणून अनेक प्रशिक्षक आधी ग्रिप बघतात. डावा हात क्लबवर थोडा उजवीकडे फिरवून धरला की फेस बंद व्हायला मदत होते.

मग वाद मिटला का? दिशेचा मिटला, पद्धतीचा नाही. बेन होगन यांना हूकचा, म्हणजे डावीकडे जोरात वळणाऱ्या चेंडूचा त्रास होता. त्यांनी डावा हात कमी फिरवलेली ग्रिप घेतली आणि बॅकस्विंगच्या टोकाला डावं मनगट मागे वाकवून फेस उघडा ठेवला. 1953 मध्ये त्यांनी तीन मेजर स्पर्धा जिंकल्या. डस्टिन जॉन्सनचं मनगट नेमकं उलट्या बाजूला वाकतं, फेस बंद असतो. त्याने 2016 ची यूएस ओपन आणि 2020 ची मास्टर्स जिंकली.

क्लब आणि चेंडूचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. त्या क्षणी फेस कुठे होता, हे महत्त्वाचं. दिशा 1 अंशाने चुकली, तर 200 यार्डांवर चेंडू साधारण साडेतीन यार्ड बाजूला जातो. तेवढ्यात तो गवतातून वाळूच्या खड्ड्यात पडू शकतो.

यंत्र नसलं तरी तपासता येतं : चेंडू निघाला कुठे ते आधी बघायचं, वळला कुठे ते नंतर. चेंडू फेसच्या मधोमध लागला असेल, तर पहिली गोष्ट फेसबद्दल सांगते, दुसरी फेस आणि मार्ग यांच्यातल्या फरकाबद्दल.