अंगणात आलेली शाळा

अंगणवाडी म्हटलं की आपल्याला खाऊ, वजनकाटा आणि लसीकरण आठवतं. पण हे नाव आलं कुठून?

१९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी या डॉक्टरबाईंनी बालगृह उघडलं. मूल स्वतः हाताळून शिकतं, हे त्यांनी दाखवलं. १९२० मध्ये गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांनी बालमंदिर काढलं. आपल्या ताराबाई मोडक तिथेच तयार झाल्या. पण ती साधनं महाग, शहरातल्या पोरांपुरतीच.

१९४५ मध्ये ताराबाई ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आल्या. सोबत अनुताई वाघ, बालविधवा. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग बाईच वस्तीत गेल्या, कुणाच्या तरी अंगणात मुलं जमवली. तीच अंगणवाडी! महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं, खडे. आंघोळ घालणं, नखं कापणं हासुद्धा अभ्यासच.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत काम सुरू झालं. कुणी भावंडं सांभाळायचं, कुणी गुरं राखायचं. म्हणून शाळेला लागूनच पाळणाघर केलं, आणि गुराख्यांसाठी चक्क कुरणशाळा. पोराला दटावून आणण्यापेक्षा शाळेनंच उठून जावं, हे मला तरी फार पटतं.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. आहार आला, लसी आल्या. सेविकाताईंवर रजिस्टरांचा भार पडला, खेळ मागे राहिला. पुढच्या वेळी आहाराबरोबर हेही विचारा: ताई, आज मुलांच्या हातात काय दिलं होतं?